बांधायची दोरी, लटकायचा दोर

महाडच्या बाजारपेठेत दोर किलोवर मिळतो. पोलादपूरला गेलात, माणगावला गेलात तरी तेच. गिऱ्हाईक येतं, "आठ एमएम काय किलो?" विचारतं, आम्ही भाव सांगतो, हातभर दोर ओढून दाखवतो, तो ताणून बघतो आणि भेंडोळं तराजूवर पडतं. हा दोर भार किती घेईल, हा प्रश्न गल्ल्याच्या अलीकडेही निघत नाही आणि पलीकडेही. विचारलाच कुणी, तर आम्ही सांगणार कशावरून? बहुतेक भेंडोळ्यांवर जाडी आणि वजन सोडून काही छापलेलं नसतं. गुराला दावं, विहिरीला पोहरा, टेम्पोवर ताडपत्री, एवढ्यावर ज्यांचं भागत होतं त्यांचं यात कधी अडलं नाही. आता अडायला लागलंय, कारण गिऱ्हाईक बदललंय.

शनिवारी सकाळी पाठीवर सॅक लावलेली पोरं-पोरी दुकानाशी गाडी थांबवतात. कुणी रायगडला, कुणी लिंगाण्याला, कुणी पोलादपूरच्या ढवळ्यातून चंद्रगड करून वर ऑर्थरसीटला निघालेले. "काका, पॅराकॉर्ड आहे?" म्हणजे पॅराशूटची बारीक दोरी. त्याच्या पुढची इयत्ता गाठलेला एखादा "टार्ड बँकलाइन" मागतो. परदेशातल्या कुणी त्या दोरीनं जंगलात झोपडी उभारली, सापळा लावला, पुलासारखं काहीतरी बांधलं, हे त्यानं मोबाईलवर पाहिलेलं असतं. मी फळीवरचं काळं रीळ काढून पुढ्यात ठेवतो. "हे तर जाळ्याचं!" म्हणून तो हिरमुसतो. जाळ्याचंच आहे. तिकडे अमेरिकेतही ही दोरी मासे धरण्यासाठीच निघाली. नदीकाठच्या झाडाला बांधायची, गळ लावून रात्रभर पाण्यात सोडून द्यायची. आमच्याकडे ती खाडीकडच्या जाळीवाल्यांसाठी येते. नायलॉनची पिळाची दोरी, वर डांबरी लेप. बाजारात तिला काळी दोरी म्हणतात.

माझं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. कोकणच्या पावसात काही बांधायचं असेल तर या काळ्या दोरीसारखी दुसरी दोरी नाही. आणि तिच्यावर माणूस टांगायचा असेल तर ती दुकानातून उचलूच नका. ही दोन्ही वाक्यं एकदम बोलणारा विक्रेता सापडत नाही, हेच माझं दुखणं आहे. रंगीत वेष्टनात घालून, "जीव वाचवणारी दोरी" असं नाव देऊन जे विकलं जातं त्यात हा फरक मुद्दाम पुसलेला असतो.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तागाची सुतळी आषाढात बाहेर बांधली तर पोळ्यापर्यंत बोटानं तुटते. काथ्या पाण्याला चिवट. कुजायला वेळ घेतो, तरंगतो, पण भार कमी घेतो. शिवाय ताग काय, काथ्या काय, भिजला की आखडतो. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू रात्री पावसात स्वतःचेच खुंटे उपटतो, म्हणून जुने स्काऊट मास्तर झोपण्याआधी ताण्या सैल करायला लावायचे. नायलॉनचं उलटं. ते भिजलं की ताणलं जातं, ताडपत्रीला पोट सुटतं, पोटात पाणी साठतं आणि मध्यरात्री ते पाणी अंगावर येतं. ओल्या नायलॉनची ताकदही दहा-पंधरा टक्के उतरते. आणि ती निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, स्वस्त आणि हलकी खरी, पण गाठ धरत नाही. शिवाय दोन उन्हाळे उघड्यावर काढले की हातात तिचा भुगा येतो. गोठ्याच्या पत्र्यावर बांधलेली बघा, पांढुरकी पडून तिचे तूस निघालेले असतात.

डांबरी लेप यातल्या बऱ्याच दुखण्यांवर एकदम चालतो. नायलॉन मुळात कुजत नाही, तेव्हा लेपाचं काम तिथे वेगळं आहे. ऊन आतल्या धाग्यांपर्यंत पोचू द्यायचं नाही, पाणी कमी शिरू द्यायचं, पीळ एकमेकांना चिकटवून ठेवायचा. त्यामुळे टोक कापलं तरी दोरी लगेच उलगडत नाही, आणि मुख्य म्हणजे गाठ बसते. गुळगुळीत नायलॉनला निरगाठ मारून अर्ध्या तासानं बघा, ती सरकायच्या तयारीत असते. काळ्या दोरीला खुंट्यावर दोन वेढे देऊन गाठ मारली, ज्याला स्काऊटमध्ये क्लोव्ह हिच म्हणतात ती, की लेप लेपाला धरतो. ओढली तर अजून आवळते. सोडताना मात्र नखं मोडतात. म्हणून जी गाठ सकाळी सोडायची आहे ती सुरगाठच मारा.

डांबर लावलेला दोर ही काही अमेरिकेची विद्या नाही. सावित्रीच्या भरतीवर बाणकोटहून गलबतं आणि मचवे दासगाव, महाडपर्यंत येत, त्या काळात हे बंदरच होतं. शिडाच्या जहाजांचं सगळं तंत्र दोरावर उभं. युरोपातली जहाजं अंबाडीसारख्या हेम्पचे दोर वापरत आणि पाइनच्या लाकडातून काढलेल्या डांबरात ते मुरवत, कारण वनस्पतीचा धागा खाऱ्या पाण्यात आणि उन्हात कुजतो. त्या डांबराची किंमतही मोजावी लागे. त्याच जाडीचा डांबर लावलेला दोर बिनडांबराच्या दोराहून कमी भार घेई. ताकद थोडी देऊन आयुष्य विकत घ्यायचा तो सौदा होता. आपल्या किनाऱ्यावर डांबराच्या जागी दुसरे उपाय होते. सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवत, काजूच्या टरफलांचं तेल होडीला आणि जाळ्याला लावत. ते तेल कातडी सोलून काढतं, तरी लावत. आणि डोंगरात तर दोर विकत घ्यायची पद्धतच नव्हती. केवणीची साल काढून गवताचा भारा बांधायचा, आपट्याची साल, पळसाच्या मुळांचा वाख, घायपाताचा वाख. कुंभ्याच्या सालीचा तर तोड्याच्या बंदुकीला धुमसता तोडा होई. ज्यांना "जंगलातलं जगणं" पडद्यावर बघायचं आहे त्यांनी एकदा एखाद्या कातकरी बाईला केवणीची ओली साल वळून भारा आवळताना बघावं. गुडघा भाऱ्यावर, साल एका हातात, दुसऱ्या हातानं पिरगळून टोक वेढ्याखाली खोचलं की संपलं. गाठ मारलेलीच नसते. तो भारा डोक्यावरून घाट उतरून येतो.

आता रीळ निवडायचं कसं, तेवढं नीट सांगतो, कारण काळ्या रंगात भेसळ चांगली लपते. पहिलं टोक हातात घ्या आणि पीळ उलटा फिरवून वीतभर उकला. आतले धागेही काळसर, तपकिरी निघाले तर लेप मुरलेला आहे. आत पांढरंशुभ्र निघालं तर वरून नुसता रंग मारलाय. पहिल्या खडकाला घासली की तो उतरणार. मग दोरी बोटांत घट्ट दुमडा. लेपाच्या खपल्या पडल्या तर ठेवून द्या. पांढऱ्या रुमालावरून फिरवा. थोडा डाग पडणारच, पण हात चिकट होऊन रुमाल दोरीला लागून येत असेल तर लेप कच्चा आहे. काही जण शहाणपणा करून पांढरी दोरी रस्त्याच्या डांबरात बुडवतात. ते डांबर साधारण पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात नाते खिंडीपाशी उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तेवढं सहज तापतं. सॅकमधले कपडे, झोपायची पिशवी, डबा, सगळ्याला लागतं. करू नका.

पिळाची घ्यावी की विणलेली? विणलेली हाताला गोड, वळ्या पडत नाहीत, टोक विस्कटत नाही. तरी माझा कौल पिळाच्या दोरीला. तिचे तीन पदर सोडवले की एका हातातून तीन हात बारीक दोरा मिळतो. सॅकचा तुटलेला पट्टा शिवायला, चपलेचा अंगठा बांधायला तोच लागतो. जाडी दीड-दोन मिलिमीटर पुरे. त्याहून जाड दोरी घेणारे बहुधा मनातल्या मनात तिला लटकत असतात.

ताडपत्रीचा आडवा ताण, बांबूचा सांगाडा, ओल्या लाकडांची मोळी, सॅकला बाहेरून चटई, मोडलेल्या काठीला कामटीचा आधार, चुलीवर भांडं टांगायची तिकाटणी, ही या दोरीची कामं. तिकाटणीला बांधताना गाठ वर, धुरात ठेवा. आच लागली तर डांबर आणि नायलॉन दोन्ही पेटतं आणि वितळून ठिपकतं, त्याचा चटका वाईट. खाण्याच्या वस्तूला गुंडाळू नका. आणि काळी दोरी अंधारात दिसत नाही, तेव्हा वाटेवर गुडघ्याच्या उंचीला ताण बांधलात तर त्याला पांढरी चिंधी लावा. शिवथरघळीकडच्या एका मुक्कामात अशाच ताणीला अडकून तोंडावर आपटलेला माणूस मी पाहिलाय. दात गेला. ट्रेकचा खर्च दंतवैद्याकडे.

आता दुसरं वाक्य, माणूस टांगण्याचं. दोन मिलिमीटरची चांगली काळी दोरी दीडशे किलोच्या थोडं अलीकडे तुटते. पॅराकॉर्डचा आकडा अडीचशेच्या आसपास. तरणा पोरगा हिशोब करतो, माझं वजन सत्तर, म्हणजे दुप्पट जागा आहे. हा हिशोब स्थिर टांगलेल्या पोत्याचा आहे. गाठ मारली की त्या जागी दोरीची ताकद तिसऱ्या हिश्शानं, कधी निम्म्यानं उतरते. खडकाच्या धारेवर दुमडली की अजून उतरते. आणि माणूस पाय घसरून दोन हात खाली आला आणि मग दोरीनं त्याला धरलं, तर दोरीला त्याचं वजन लागत नाही, झटका लागतो. प्रस्तरारोहणाच्या ताणल्या जाणाऱ्या दोराचं युरोपीय मानक बघा. 80 किलोचं वजन पाडून चाचणी घेतात, आणि पहिल्या पडण्यात झटका 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये अशी अट. 12 किलोन्यूटन म्हणजे बाराशे किलोच्या आसपासचा भार, आणि हा झटका खाऊन घेण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या दोरावरचा! तशी किमान 5 पडणी त्यानं सोसायची असतात. खाली उतरायला, जखमीला वर घ्यायला लागणारा कमी ताणाचा दोर 22 किलोन्यूटनचा तरी हवा. यात काळी दोरी कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणाला पटत नाही. स्थिर बांधलेल्या दोरीवरून दुसरी दोरी ओढली की घासणं एकाच जागी होतं आणि ती जागा तापते. नायलॉन जातीप्रमाणे 220 ते 260 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन 165 च्या आसपास. पटत नसेल त्याला मी गल्ल्याजवळच्या खिळ्याला निळ्या दोरीचा तुकडा ताणून बांधून देतो आणि दुसऱ्या तुकड्यानं करवतीसारखं घासायला सांगतो. वीस मोजायच्या आत ताणलेला तुकडा तुटतो, आणि तुटल्या टोकावर बोंडासारखा वितळलेला गोळा असतो. बोलणं तिथेच थांबतं.

आमच्या मुलखात हे पुस्तकी नाही. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातच आहे. दोर लावून कडा चढण्याची गोष्ट इथल्या पोराला पाळण्यापासून ठाऊक असते. पण मला आठवतं ते 28 जुलै 2018. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत गेली. 30 जण गेले, एक वाचला. खाली पोचायला वाट नव्हती. महाबळेश्वरचे, इकडचे ट्रेकर दोर लावून त्या निसरड्या उतारावर उतरले, आणि पावसात, धुक्यात एकेक देह वर काढला. त्यांच्याकडचे दोर किलोवर घेतलेले नव्हते. कुठल्या दोराचं आयुष्य किती झालंय, कशावर घासलाय, याची ज्यांना माहिती असते अशी ती माणसं. त्याच्या दोन वर्षं आधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट गेला तेव्हा बुडालेली वाहनं शोधायला तीनशे किलोचं लोहचुंबक क्रेनला टांगून पाण्यात सोडलं होतं. म्हणजे भार कळल्याशिवाय टांगायचं नाही, हे सरकारी यंत्रणेला समजतं. ते गावापर्यंत पोचत नाही.

22 जुलै 2021 ला तळियेत डोंगर आला, पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीत आला, आणि इकडे महाड शहर पाण्यात गेलं. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरला टेकलेला पाऊस झाला होता, आणि सावित्री तिथूनच निघते. त्यानंतर दर मे महिन्यात गावोगाव आपत्तीच्या तयारीच्या बैठका होतात, याद्या होतात. यादीत "दोरखंड" हा शब्द असतो. एक नग. कसला, किती मीटर, किती भाराचा, कधी घेतलेला, काही नाही. मी ग्रामपंचायतीच्या कपाटात पाहिलेलं भेंडोळं निळं प्लास्टिकचं होतं, खिडकीतून येणाऱ्या उन्हात एका बाजूनं फिकं पडलेलं. त्यावर कुणाला पुरात सोडलं असतं तर?

माझी मागणी छोटी आहे. गावाच्या पेटीत दोन वेगळ्या वस्तू हव्यात. एक, कमी ताणाचा प्रमाणित दोर, त्याला पट्टी लावून खरेदीचं वर्ष लिहिलेला, अंधारात ठेवलेला, आणि ज्यांनी प्रशिक्षण घेतलंय, मग ते आपदा मित्र असोत की तालुक्यातले ट्रेकर, त्यांच्याशिवाय कुणी हात न लावायचा. गुरं बांधायला नाही, गणपतीच्या मांडवाला तर नाहीच नाही. दुसरी, काळ्या दोरीची दोन-चार रिळं, वाट्टेल तशी वापरायला. पाणी चढायला लागलं की घरोघरी हीच लागते. गॅसचा रिकामा सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि वाहून जातो; तो खिडकीच्या गजाला बांधायचा. पत्रे, पिंप, होडकं, ताडपत्री. या रिळाला पहिल्या दोराच्या तुलनेत किरकोळ पैसे लागतात.

माझ्या धंद्यातल्या लोकांकडेही मागणी आहे. वाईला, आमच्याच घाटाच्या वर, गरवाऱ्यांच्या कारखान्यात दोर आणि जाळी बनतात आणि जगभर जातात. भारतीय मानक ब्युरोची दोरांसाठी मानकं आहेत. म्हणजे मोजमाप होतं, आकडे असतात. मग किरकोळ बाजारात येईपर्यंत तो आकडा कुठे गळतो? रिळावर तुटण्याचा भार छापा, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा, माणसासाठी नाही. गिऱ्हाईक घाबरेल म्हणता? खताच्या पोत्यावर टक्केवारी छापतात, शेतकरी ती वाचून घेतो. घाबरून पोतं टाकून जात नाही. माझ्या दुकानात मी हे पाटीवर खडूनं लिहितो. पावसाळ्यात पुसलं जातं, पुन्हा लिहितो. विक्री काही घटलेली नाही. लिंगाण्याला जायचं म्हणून काळी दोरी मागणाऱ्या पोरांना मी ती देत नाही, आणि त्यातले काही जण परतताना शिव्या देऊन पुढच्या दुकानातून घेऊन जातात, हे मला माहीत आहे. तिथे कड्यावर मागच्यांनी सोडलेले दोर तर फुकटच असतात. ऊन-पाऊस खाल्लेले, कुणी कधी लावले ते ठाऊक नसलेले. त्यांना हात घालणाऱ्याला तर पाटीवर लिहून काय उपयोग.

एक शेवटचं, मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी. ही दोरी कुजत नाही हा तिचा गुण, तोच तिचा उपद्रव. झाडाला वेढा घालून तशीच सोडलीत तर खोड वाढत जातं, दोरी वाढत नाही. साल कापत आत शिरते. पाचाडच्या खालच्या रानात, मंगळगडाच्या वाटेवर असे काळे वेढे रुतलेली झाडं आहेत. गुरांच्या पायात गुंता अडकतो, तो सोडवायला गुराखी पोराला विळाच लागतो. तेव्हा बांधताना झाडाला दोनच वेढे घ्या, आणि टोकाला सुरगाठ ठेवा. सकाळी घाई असली तरी ती एका झटक्यात सुटते, आणि दोरी पुन्हा रिळावर येते. ओली असली तरी चालेल, घरी आल्यावर सावलीत पसरा. तुटके तुकडे जाळू नका, धूर घातक असतो. आमच्या दुकानात आणून द्या. भाजीवाल्या मावशी वेलांना बांधायला ते घेऊन जातात.